तालमीचा आनंद : युद्धकलापटांच्या आस्वादाविषयी

युद्धकलापटांचा प्रेक्षकवर्ग फार मोठा आहे आणि त्यांची समीक्षा फार थोडी. मराठीत या चित्रपटांना सरसकट ‘मारामारीचे सिनेमे’ म्हणण्याची रीत आहे. या नावातच त्यांच्याविषयीचा निकाल देऊन टाकलेला असतो. ज्याने ब्रूस ली याचा ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) कधीकाळी मन लावून पाहिला, तोही पुढे साहित्याचा अभ्यासक झाला म्हणजे त्या आवडीची गणना पोरवयातील छंदांत करतो. आवड टिकते, तिचे समर्थन मात्र त्याला सापडत नाही. वस्तुतः एखाद्या कलाप्रकारापासून देशोदेशींच्या प्रेक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या आनंद मिळत असेल, तर तो आनंद कोणत्या जातीचा आहे, हे विचारणे समीक्षेचे कर्तव्यच ठरते. हा आनंद हिंसेचा आहे काय? सूडकथेचा आहे काय? की या दोहोंच्या आड आणखी काही आहे?

या प्रश्नाचे उत्तर हाँगकाँगमध्ये शोधण्यापूर्वी छत्तीसगडमधील भिलाईच्या परिसरात शोधणे उपयुक्त ठरेल. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगावात गेली. भिलाईचे नाव मात्र पोलादाशी जोडले गेले आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली. याच पोलादनगरीच्या उत्तरेस काही कोसांवर गनियारी हे गाव आहे. १९५६ मध्ये त्या गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी हा महाभारतकथनाचा प्रकार जगापुढे नेला. पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले.

पंडवानीच्या दोन शैली सांगितल्या जातात. वेदमती शैलीत गायक बसून कथा सांगतो. कापालिक शैलीत तो उभा राहून ती वठवतो. उभे राहण्याचा हा अधिकार परंपरेने पुरुषांचा होता. तीजनबाईंनी तो घेतला आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. या घटनेचा सामाजिक अर्थ पुष्कळदा सांगितला गेला आहे. तिचा कलात्मक अर्थही तितकाच मोलाचा आहे. गायिका उभी राहिली, आणि तिच्याबरोबर युद्ध उभे राहिले. बसलेल्या निवेदकाला भीमाचा क्रोध सांगता येतो. उभ्या असलेल्या निवेदिकेला तो पावलांत, कमरेत आणि खांद्यांत दाखवता येतो. तिच्या हातातील मोरपिसांनी सजलेला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. साथीला बसलेला रागी हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, आणि प्रेक्षकांची उत्सुकता जणू त्यांच्या वतीने बोलून दाखवतो.

दुःशासनवधाच्या प्रसंगी दुःशासन मरणार, हे तेथील पोरासोरांनाही ठाऊक असते. तरीही प्रेक्षक डोळे लावून बसतात. त्यांची उत्सुकता ‘काय होणार’ याविषयी नसते. ‘कसे होणार’ याविषयी असते. त्या रंगस्थळी रक्ताचा थेंब सांडत नाही, कोणी कोणावर हात टाकत नाही, प्रतिस्पर्धीसुद्धा हजर नसतो. एका देहाने, एका वाद्याने आणि एका आवाजाने द्वंद्वयुद्धाचा सारा थरार निर्माण होतो. युद्धदृश्याचा आनंद प्रत्यक्ष इजेवर अवलंबून नसतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे.

भारतीय नाट्यविचाराला हे पूर्वीच उमगले होते. रणसंग्राम, मरण, नगराचा वेढा यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. आणि तेच नाट्यशास्त्र रंगभूमीवर शस्त्र कसे चालवावे याचे ‘न्याय’ही सांगते. भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे हे चार न्याय आहेत. शस्त्राचा घाव खरोखर बसू नये, त्याचा केवळ संकेत व्हावा, ही त्यातील मुख्य अट आहे. शिवाय नृत्यासाठी सांगितलेली करणे युद्धात आणि नियुद्धात, म्हणजे अंगयुद्धात, योजावीत असेही तेथे म्हटले आहे. नाचणारा देह आणि लढणारा देह यांचे शिक्षण एकच आहे, असा याचा अर्थ होतो. वीररसाचा स्थायीभाव ‘उत्साह’ मानला गेला, क्रोध नव्हे. ही निवडही या ठिकाणी लक्षात घेण्याजोगी आहे. क्रोध क्षणात पेटतो. उत्साहाला पूर्वतयारी लागते.

ही पूर्वतयारी सांगणारा एक नेमका शब्द मराठीजवळ आहे : तालीम. पैलवान घुमतो ती तालीम आणि नाटक बसते तीही तालीमच. एकाच शब्दात आखाडा आणि रंगभूमी यांना एकत्र बसवणाऱ्या भाषेने युद्धकलापटाची अर्धी मीमांसा आधीच करून ठेवली आहे. ‘अंगवळणी पडणे’, ‘हात बसणे’, ‘कसलेला’ हे आपले नित्याचे प्रयोग त्याच अनुभवाकडे बोट दाखवतात. शिकलेली गोष्ट स्मरणातून उतरून देहात मुरली, म्हणजे तिला एक सहज डौल येतो. तो डौल ओळखण्याचा आनंद हा युद्धकलापटांचा मूळ आनंद होय. कथेतील सूड, अन्याय, गुरुहत्या या गोष्टी त्या आनंदाला निमित्त पुरवतात.

हाँगकाँगच्या चित्रपटांचा उगमही अशाच तालमीत आहे. जॅकी चॅन, सामो हुंग आणि युएन ब्याव हे तिघेही बालपणी यू जिम-युएन या गुरूच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढले. कोलांट्या, शस्त्रे, गायन आणि मुद्राभिनय यांचे तेथील शिक्षण अत्यंत कठोर होते. पेकिंग ऑपेराच्या रंगमंचावर हातातील चाबूक म्हणजे घोडा असतो. पंडवानीत तंबुरा म्हणजे गदा असते. दोन्ही परंपरांत वस्तू थोड्या, देहावरची भिस्त मोठी. म्हणूनच पुढे कॅमेऱ्यासमोर आलेल्या या नटांच्या हाती खुर्ची, शिडी, छत्री, सायकल यांपैकी काहीही पडले, तरी त्याचे शस्त्र होते. भिलाईच्या परिसरातील कापालिक गायिका आणि हाँगकाँगचा नट यांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. संबंध आहे तो त्यांच्या विद्येच्या जातीत.

या विद्येचे सर्वांत निखळ दर्शन घडवणारा चित्रपट म्हणजे लाऊ कार-ल्युंग यांचा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८). दिग्दर्शक स्वतः युद्धकलेच्या घराण्यात वाढलेले आणि दीर्घकाळ लढतींची रचना केलेले. कथेचा आरंभ ठरावीकच आहे : मांचू अंमलदारांच्या जुलमाने पोळलेला एक तरुण विद्यार्थी सूडाच्या इच्छेने शाओलिन मठात येतो. पण चित्रपटाचा मधला, सर्वांत मोठा भाग सूडाला दिलेलाच नाही. तो शिक्षणाला दिला आहे. मठात पस्तीस दालने आहेत. अधीर तरुण थेट सर्वांत वरच्या दालनात शिरतो आणि तेथून फेकला जातो. मग त्याला अगदी खालच्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे गेल्याखेरीज जेवण मिळत नाही. पाण्याच्या बादल्या दोन्ही हात ताठ पसरून वाहाव्या लागतात. हात खाली आले तर दंडाला बांधलेली पाती बरगडीत रुततील, अशी योजना असते.

ही दृश्ये प्रेक्षक कंटाळा न येता पाहतो, नव्हे, तीच त्याच्या दीर्घकाळ स्मरणात राहतात. याचे कारण असे की, येथे त्याला फळाआधी श्रम दिसतात. पडणे, भिजणे, पुन्हा उठणे, आणि एके दिवशी न पडणे. पुढे नायक आपल्याहून वरिष्ठ भिक्षूकडून पुनःपुन्हा हरतो आणि अखेर तीन तुकड्यांची साखळीने जोडलेली काठी स्वतः घडवून त्याला जिंकतो. शिक्षणाची परिणती अनुकरणात न होता नवनिर्मितीत व्हावी, हा विचार इतक्या मूर्त रूपात क्वचित मांडला गेला असेल. विजयानंतर तो मागतो ते छत्तिसावे दालन : मठाबाहेरच्या सामान्य माणसांना ही विद्या शिकवण्याचे. आखाड्याची कथा येथे ज्ञानाच्या अधिकाराची कथा होते. ज्या नगरीचा संसार हात बसलेल्या माणसांच्या कसबावर उभा राहिला, त्या भिलाईसारख्या ठिकाणी या कथेचा अर्थ विशेष उलगडून सांगावा लागू नये.

तालीम पडद्यावर दिसायची असेल, तर ती दिसू देणारी दृष्टीही लागते. ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) या चित्रपटाचे लेखन आणि दिग्दर्शन ब्रूस ली याचेच आहे. रोमच्या कलोसियममध्ये त्याची आणि चक नॉरिस याची जी लढत होते, ती एक संवादविरहित नाटिकाच आहे. आरंभी दोघेही शांतपणे अंग मोकळे करतात. एक मांजराचे पिल्लू हे सारे पाहत असते. पहिल्या भागात ली मार खातो, कारण त्याची पद्धत ठरीव आहे. मग तो लय बदलतो. पाय नाचू लागतात, अंतर बदलते, आणि प्रतिस्पर्ध्याला त्या नव्या लयीचा अर्थ लागत नाही. कॅमेरा बहुधा इतक्या अंतरावर राहतो की, दोन्ही देह डोक्यापासून पायापर्यंत दिसावेत. विजयानंतर ली मृत प्रतिस्पर्ध्याचा अंगरखा आणि पट्टा त्याच्या देहावर पांघरतो. या एका कृतीने लढतीचा अर्थ बदलतो. हरलेल्याच्या विद्येचा मान राखणे हा या प्रकाराच्या नीतीचा भाग आहे, आणि तो जेथे सुटतो तेथे चित्रपट खरोखरच मारामारीपुरता उरतो.

कौशल्य ओळखता न येण्याची किंमत अकिरा कुरोसावा यांनी ‘सेव्हन सामुराई’मध्ये (१९५४) दाखवली आहे. क्यूझो या मितभाषी सामुराईची एका बढाईखोर योद्ध्याशी काठ्यांची चकमक होते. योद्धा ती बरोबरीत सुटल्याचे म्हणतो; क्यूझो शांतपणे सांगतो की, तलवार खरी असती तर तो जिवंत राहिला नसता. अपमानित योद्धा खऱ्या तलवारीचा हट्ट धरतो आणि प्राणास मुकतो. दोन्ही वेळची हालचाल जवळजवळ तीच असते. पहिल्या वेळी जे त्या योद्ध्याला दिसले नाही, ते दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला दिसते. युद्धकलापटाचा रसिक घडतो तो असा : तो वार मोजत नाही, वारामागची समज वाचू लागतो.

या परंपरेत हास्याची भर घातली ती जॅकी चॅन याने. ली अजिंक्य वाटतो. चॅन दुखावतो, धापा टाकतो, बोटे चोळतो. ‘प्रोजेक्ट ए’मध्ये (१९८३) तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून, कापडी छतांवर आपटत, खाली कोसळतो. हा प्रसंग हॅरॉल्ड लॉइड याच्या ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) या मूकपटाची उघड आठवण करून देतो. मूकपटातील विनोदी नटांची देहविद्या अशा रीतीने पेकिंग ऑपेराच्या देहविद्येला येऊन मिळाली. हीच धारा पुढे अनपेक्षितपणे भिलाईला स्पर्श करून जाते. भिलाईत वाढलेले दिग्दर्शक अनुराग बसू यांच्या ‘बर्फी!’ (२०१२) या चित्रपटाचा नायक बोलू वा ऐकू शकत नाही. त्याचे सारे म्हणणे देहातून यावे लागते. भारतातर्फे ऑस्करसाठी हा चित्रपट निवडला गेला, तेव्हा त्यातील उसनवारीवर मोठा वाद झाला. शिडीचा प्रसंग बस्टर कीटन याच्या ‘कॉप्स’मधून (१९२२), तर पाठलागाचा काही भाग ‘प्रोजेक्ट ए’मधून आल्याचे दाखवून देण्यात आले. ही आदरांजली असल्याची भूमिका बसू यांनी घेतली.

हा वाद चोरी की आदर, एवढ्यावरच थांबला, हे समीक्षेच्या दृष्टीने अपुरे होय. देहाची विद्या नेहमी अनुकरणानेच पुढे जाते. गुरूचा डाव शिष्य उचलतो, आणि त्यास कोणी चोरी म्हणत नाही. चॅन यानेही लॉइडकडून घेतले. विचारावयास हवे ते असे की, घेणाऱ्याने त्या डावात स्वतःचे श्रम किती ओतले? चॅन याची उडी त्याच्या स्वतःच्या देहाने भोगलेली आहे. त्या मनोऱ्यावरून पडणे चित्रपटात लागोपाठ दोनदा दाखवले आहे, जणू साक्षीपुराव्यासाठी. ‘बर्फी!’मध्ये रणबीर कपूर यांचा मुद्राभिनय हृद्य आहे, आणि जेथे नायकाचे मौन प्रेमाच्या वा अपमानाच्या क्षणी बोलते, तेथे चित्रपट स्वतःचा होतो. शिडीच्या प्रसंगात मात्र संकलन आणि संगीत देहाचा भार वाटून घेतात. प्रसंग सुखावतो, श्वास रोखून धरायला लावत नाही. युक्ती उसनी घेता येते, तालीम उसनी घेता येत नाही. या चित्रपटाचे यशापयश एवढ्याने तोलता येईल.

मराठी चित्रपटालाही हा निकष लावून पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर हे चित्रपटाचे माहेर आणि तेथेच दांडपट्टा, लाठी, तलवार यांच्या मर्दानी खेळांचे आखाडे. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल यांनी साहसी नायक म्हणून देशभर कीर्ती मिळवली; १९३१ मधील ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच होते. आखाडा आणि स्टुडिओ इतके शेजारी असताना मराठी ऐतिहासिक चित्रपटाला स्वतःची युद्धकलाशैली घडवता आली असती. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) किंवा ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) यांत वीररस प्रामुख्याने वाणीतून प्रकटतो. संवाद तेजस्वी, लढत त्यामानाने उरकलेली. ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) या अलीकडच्या चित्रपटांत लढतीला अधिक जागा मिळाली, परंतु मंदगती आणि जलद तुकडे यांच्या वापराने पट्ट्याचा एखादा हात आरंभापासून अखेरपर्यंत डोळे भरून पाहण्याचे सुख क्वचितच मिळते. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो प्रसंगाच्या स्मृतीमुळे, हाताच्या सफाईमुळे नव्हे.

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अखेर हे चित्रपट हिंसेला रमणीय करतात. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’सारख्या (१९७२) चित्रपटात जपानी पात्रे केवळ द्वेषासाठी उभी केली आहेत, आणि तेथे लीचे कौशल्यही त्या द्वेषाच्या सेवेला लागते. उलट आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) मिशेल यो आणि झांग झियी यांच्यातील अंगणातली लढत पाहावी. एकीकडे एकच अभेद्य तलवार, दुसरीकडे एकामागून एक निकामी होणारी शस्त्रे. आणि त्या प्रत्येक शस्त्राबरोबर दोन स्त्रियांमधील स्नेह, मत्सर आणि मुक्तीची ओढ उलगडत जाते. दोन्ही अभिनेत्रींचे मूळ शिक्षण नृत्याचे आहे, ही गोष्ट नाट्यशास्त्रातील करणांच्या विचाराला दुजोराच देते. हिंसा रमणीय होते की कौशल्य अर्थपूर्ण होते, याचा निर्णय अशा रीतीने चित्रपटागणिक करावा लागतो.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण अधिक खोल आहे : हा सारा ‘डोंबाऱ्याचा खेळ’ आहे, कला नव्हे. या तुच्छतेत देहाच्या कसबावर पोट भरणाऱ्या माणसांविषयीची जुनी तुच्छता मिसळलेली आहे. लेखणी धरणारा हात विद्येचा आणि दोरीवर तोल सांभाळणारा पाय पोटाचा, ही वाटणी समीक्षेने निमूटपणे स्वीकारली. पारधी समाजात जन्मलेल्या, महाभारत कानाने शिकलेल्या तीजनबाईंना सर्वोच्च सन्मान मिळाले तरी त्यांच्या देहविद्येचे काटेकोर विश्लेषण फारसे झाले नाही. त्यांचा गौरव झाला. त्यांच्या पदन्यासाची समीक्षा व्हायची राहिली. युद्धकलापटांच्या वाट्याला आलेली उपेक्षा याच वाटणीचे दुसरे टोक आहे.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने या चित्रपटांची आवड लपवण्याचे कारण नाही. मात्र ती आवड तपासून घेतली पाहिजे. पूर्ण देह दिसतो काय, शिक्षणाचे श्रम जाणवतात काय, हरलेल्याचा मान राहतो काय, उसन्या डावात स्वतःचा घाम आहे काय, हे प्रश्न ज्या चित्रपटाला विचारता येतात आणि जो त्यांना उतरतो, तो चित्रपट कलाकृती म्हणून वाचण्यास पात्र आहे. गनियारीच्या गायिकेने तंबुरा खांद्यावरून उचलला की, तो गदा आहे याविषयी कोणाला शंका राहत नसे. ती खात्री तंबुऱ्यात नव्हती. तो उचलणाऱ्या, कसलेल्या हातात होती.